पेट्रोल गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, दुपारी होते. सेल्फ मोटर बदलावी का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ वर्षांची पेट्रोल गाडी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गल्लीत उघड्यावर उभी असते. सकाळी किल्ली फिरवली की नुसती टक-टक-टक, डॅशबोर्डचे दिवे विझल्यासारखे होतात. दुपारी उन्हात मात्र पहिल्याच झटक्यात सुरू. मेकॅनिक म्हणतो सेल्फ मोटर गेली.

मोटरला इतक्यात हात लावू देऊ नका. सेल्फ मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) जातो तेव्हा बहुधा एकच 'टक्' असा आवाज येतो आणि दिवे लख्ख राहतात, कारण मोटर करंट ओढतच नाही. भराभर टक-टक आणि दिवे मंद, म्हणजे करंट कमी पडतोय. एक तर बॅटरी दमली आहे, नाही तर करंट वाटेत अडतोय.

मीही ग्वाल्हेरचाच. जानेवारीत आपल्याकडे पहाटे काय गारठा असतो ते सांगायला नको. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त हवा. ऊन चढलं की दोन्ही गोष्टी सुधारतात. तुमचं 'दुपारी होते' याचं उत्तर मला इथेच दिसतं.

आता खात्री कशी करायची? एक साधा मल्टिमीटर घ्या. सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी, बॅटरीवर व्होल्टेज बघा. १२.६ असेल तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा आकडा कुठवर पडतो ते बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी एक तर उतरलेली आहे किंवा म्हातारी झालेली. रात्रभर चार्जरला लावून पुन्हा बघा. चार्ज होऊनही तेच रडगाणं असेल तर बदला.

पुढची परीक्षा फारसं कुणी करत नाही, पण खरी गंमत तिच्यातच आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारायला लावा. दोन्ही जागा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला. शेजाऱ्यांच्या गाडीत वरून सगळं चकाचक होतं. क्लॅम्प काढला तर आतून पांढरट-निळ्या बुरशीसारखा थर. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासला, सँडपेपर मारला आणि गाडी सुरू. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थची पट्टीही बघा, तीसुद्धा गंजते.

बॅटरी ठीक निघाली तर गाडी चालू ठेवून व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ यायला हवं. बारावरच अडलं असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करत नाही. आणि तुमची गाडी फक्त घर ते महाराज बाड्याचा बाजार नि तिथून घर एवढीच फिरत असेल, तर सेल्फमध्ये गेलेला करंट भरून यायला वेळच मिळत नाही. अधूनमधून झाशी रोडने लांब चक्कर मारून या.

हे सगळं इंजिन फिरतच नाही तेव्हाचं. उद्या इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही असं झालं, तर बॅटरीचा नाद सोडा. किल्ली 'ऑन' करून मागच्या सीटकडे कान द्या. दोनेक सेकंद टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची घूं ऐकू यायला हवी. नाही आली तर फ्यूज, रिले, मग पंप. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी किल्ली ओळखत नाही, दुसरी किल्ली लावून बघा. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर प्लग ओले झालेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शन गाड्या तेव्हा पेट्रोल सोडणं थांबवतात. मात्र एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मोटर तापते. बॉनेटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, तेही बघा. आपल्या जुन्या वस्तीत हे नित्याचंच. आणि सीएनजी किट असेल तर टाकीत पेट्रोल थेंबभर ठेवून चालवायची सवय सोडा, त्याने पंप जळतो.

मेकॅनिकला सांगा, खुंट-क्लॅम्पची परीक्षा माझ्यासमोर कर, मग मोटर उतरव. खरोखर मोटरच निघाली, तरी अख्खी नवी घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. पुष्कळदा कार्बन ब्रश आणि बुश बदलून काम भागतं, आणि खर्च नव्या मोटरच्या मानाने फारच कमी येतो.