सर्वांत मोठा रॉक बँड कोणता: यू टू, रोलिंग स्टोन्स की कोल्डप्ले?

तुम्ही लिहिलंय की एका यादीत रोलिंग स्टोन्स पहिले दिसतात, दुसरीत यू टू, तिसरीत कोल्डप्ले, आणि मेटालिकाच्या मॉस्कोतल्या शोला सोळा लाख लोक आले होते असंही कुठेतरी वाचलंय. मग गर्दी आणि तिकीटविक्री बघता सगळ्यांत मोठं कोण? आणि तुमच्या स्वतःच्या यादीत गन्स अँड रोझेस स्टोन्सच्या खाली आहेत, ते बरोबर का, असंही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. एका दौऱ्यात विकलेली तिकिटं मोजायची तर आज कोल्डप्ले, आणि यू टू किंवा स्टोन्स त्यांच्या जवळपासही नाहीत. त्यांच्या सर्वांत मोठ्या दौऱ्यांत एका शोला सरासरी किती माणसं आली हे बघायचं तर यू टू. तिकिटामागे पैसे कोण जास्त काढतं म्हणाल, तर वर्षानुवर्षं स्टोन्स. याद्या खोट्या नाहीत, प्रत्येकाने वेगळा रकाना धरून यादी लावलेली असते इतकंच. मी पेशाने अकाउंटंट आहे, त्यामुळे कुठलाही मोठा आकडा दिसला की त्याला कशाने तरी भागून बघायची खोड आहे. इथे ती कामाला येते.

यू टूचा ‘३६० अंश’ दौरा २००९ ते २०११ चालला. ११० शो, ७२ लाख ७२ हजार तिकिटं, ७३.६ कोटी डॉलर. म्हणजे शोमागे ६६ हजार माणसं आणि तिकिटाला सरासरी १०१ डॉलर. स्टोन्सचा ‘अ बिगर बँग’ (२००५ ते २००७) घ्या: ४६ लाख ८० हजारांच्या आसपास तिकिटं, ५५.८ कोटी डॉलर. तिकिटाला ११९ डॉलर पडले, पण शोमागे माणसं मात्र बत्तीस हजारांच्या घरात, कारण त्यांनी स्टेडियमच्या बरोबरीने लहान, बंदिस्त अरीनाही घेतल्या होत्या. कोल्डप्लेचा ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ दौरा २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास शो, १ कोटी ३० लाखांवर तिकिटं आणि दीडशे कोटी डॉलरच्या पुढे पोचला. तिकिटाला साधारण ११५ डॉलर, शोमागे ५८ हजार माणसं.

आता गंमत बघा. यू टूच्या शोमागे कोल्डप्लेपेक्षा आठेक हजार माणसं जास्त आहेत. यू टू जास्त लोकप्रिय म्हणून? मला वाटतं यातला बराच वाटा मंचाचा आहे. नेहमी मंच मैदानाच्या एका टोकाला असतो आणि त्याच्या मागच्या खुर्च्या विकता येत नाहीत. यू टूने मैदानात चार पायांचा प्रचंड सांगाडा उभा केला, लोक त्याला ‘क्लॉ’ म्हणायचे, आणि चारही बाजू मोकळ्या सोडल्या. जी जागा इतर बँड वाया घालवतात तीही त्यांनी विकली. २५ ऑक्टोबर २००९ला पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९७ हजार लोक होते ते याच मांडणीमुळे. याची किंमतही तशीच होती. सांगाडा उभा करायलाच काही दिवस लागत, म्हणून तीन सांगाडे बनवले; एकाखाली शो चालू असताना दुसरा पुढच्या गावात चढत असे. शो असो वा नसो, दिवसाचा खर्च साडेसात लाख डॉलर असल्याचं बँडचे तेव्हाचे व्यवस्थापक पॉल मॅकगिनेस सांगत. २०१०च्या मे महिन्यात यू टूचा गायक बोनो याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि उत्तर अमेरिकेतले शो वर्षभर पुढे गेले, तेव्हा हिशोब ठेवणाऱ्यांचं काय झालं असेल या विचाराने मला आजही घाम फुटतो.

याद्यांमधले डॉलरचे आकडे ही विक्री आहे, नफा नव्हे. पिंक फ्लॉइडने १९८०-८१मध्ये ‘द वॉल’चे जेमतेम ३१ शो केले, मंचावर भिंत बांधायची आणि पाडायची. तो खेळ तोट्यात गेला. त्यातून पैसे मिळाले त्यांचा कीबोर्डवादक रिक राइट याला एकट्याला, कारण त्याला आधीच बँडमधून काढलं होतं आणि तो पगारावर वाजवत होता! पुढे त्यांच्यातल्याच रॉजर वॉटर्सने २०१० ते २०१३ मध्ये तोच खेळ पुन्हा उभा केला आणि ४५ कोटी डॉलरच्या पुढे विक्री केली. भिंत तीच, पण तंत्र बदललं होतं आणि तिकिटाचा भावही.

भावाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. १९९४ हे साल घ्या. त्या वर्षी ईगल्स पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी चांगल्या जागांना शंभर डॉलरच्या वर भाव लावला. रॉकच्या जगात तेव्हा हे धक्कादायक मानलं गेलं. त्याच वर्षी पर्ल जॅमचा हट्ट होता की आपलं तिकीट वीस डॉलरच्या आत राहिलं पाहिजे. त्यावरून तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीशी त्यांचं वाजलं, अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार गेली आणि त्यांना उन्हाळ्याचा दौरा सोडून द्यावा लागला. आता नुसत्या डॉलरवर यादी लावली तर ईगल्स वर आणि पर्ल जॅम खाली. त्यावरून कोणाला ऐकायला जास्त लोक आतुर होते हे कळतं का? फक्त कोणी किती मागितले तेवढं कळतं.

याच १९९४मध्ये स्टोन्सचा ‘वूडू लाउंज’ दौरा सुरू झाला. ६३ लाखांच्या आसपास तिकिटं आणि ३२ कोटी डॉलर, म्हणजे तिकिटाला साधारण पन्नास डॉलर. तीस वर्षांनी, २०२४मध्ये, हेच स्टोन्स अमेरिका-कॅनडात विसेक शो करून साडेतेवीस कोटी डॉलर घेऊन गेले. तिकिटं साडेआठ लाखांच्या आत. सरासरी भाव २७७ डॉलर! या काळात अमेरिकेतली महागाई दुपटीच्या थोडी वर गेली आहे, स्टोन्सचं तिकीट साडेपाच पट. त्यांचा गायक मिक जॅगर याने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. कमी शो, मोठा भाव हे त्या वयाला शोभणारं गणित आहे, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण ‘स्टोन्सने इतके कोटी कमावले’ आणि ‘स्टोन्सना इतक्या लोकांनी पाहिलं’ या दोन वाक्यांची तीस वर्षांत पूर्ण फारकत झाली आहे.

यू टूनेही नंतर तेच केलं. लास वेगासच्या ‘स्फिअर’ या गोलाकार सभागृहात २०२३च्या सप्टेंबरपासून २०२४च्या मार्चपर्यंत चाळीस शो, साडेसहा लाखांच्या वर तिकिटं, २४ कोटी डॉलरच्या पुढे विक्री. तिकिटाला साडेतीनशे डॉलरहून जास्त. एकाच बँडचं एका दौऱ्यात १०१ आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीनशे.

कोल्डप्लेचं वेगळेपण इथे आहे. इतकी मागणी असताना त्यांनी सरासरी भाव ११५च्या आसपास राहू दिला आणि रात्री वाढवत नेल्या. ब्युनोस आयर्सला एकाच स्टेडियममध्ये दहा रात्री, सिंगापूरला सहा, लंडनच्या वेम्बलीला २०२५मध्ये पुन्हा दहा. एकदा मंच लागला की तो हलवायचा नाही, लोकांनीच यायचं. टेलर स्विफ्ट रॉकमध्ये बसत नाही, पण तुलनेला उपयोगी आहे: तिच्या ‘इराज’ दौऱ्यात १४९ शो, १ कोटी १ लाख ६८ हजार तिकिटं आणि २०७ कोटी डॉलर. म्हणजे कोल्डप्लेपेक्षा तीसेक लाख तिकिटं कमी विकून पन्नास कोटी डॉलर जास्त. सरासरी भाव दोनशेच्या वर. एड शीरनचं याच्या उलट: त्याने २०१९मध्ये यू टूचा विक्रीचा विक्रम मोडला तो ८९ लाख तिकिटांवर आणि तिकीट ८७ डॉलरला. अडीचशेच्या वर शो. एकटा माणूस आणि गिटार, खर्चच कमी, त्यामुळे त्याला ते परवडलं असावं.

आपल्याकडे नाटकवाले प्रयोगांचा आकडा सांगतात, प्रेक्षकांचा नाही; त्यामुळे ‘हजारावा प्रयोग’ म्हटल्यावर शिवाजी मंदिरात किती खुर्च्या भरल्या होत्या हे कोणी विचारत नाही. रॉकवाल्यांनी उलट माणसं आणि पैसे सांगायची सवय लावली आहे, पण हे आकडे येतात कुठून तेही बघा. बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाचं बॉक्सस्कोर आणि पोलस्टार हे शोच्या विक्रीची नोंद ठेवणारे दोन मुख्य आधार आहेत, आणि दोघांकडेही माहिती जाते ती मुख्यतः आयोजकांकडून, आपखुशीने. कोणी द्यायची नाही असं ठरवलं तर यादीत नाव नाही, नाहीतर अंदाज. ‘इराज’चे वर दिलेले आकडे दौरा संपल्यावर, डिसेंबर २०२४मध्ये, तिच्याच कंपनीने जाहीर केले, तोवर सगळे अंदाजच होते. शिवाय काळ्या बाजारात पाच हजारांचं तिकीट पन्नास हजाराला गेलं तरी वरचे पंचेचाळीस हजार या हिशोबात दिसत नाहीत.

आता मॉस्को. २८ सप्टेंबर १९९१ला तुशिनोच्या विमानतळावर एसी/डीसी, मेटालिका आणि पँटेरा वगैरे वाजले. प्रवेश फुकट होता. गर्दीचे अंदाज पाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत आहेत. एवढा फरक असेल तर तो आकडा नव्हे, अफवा. खूप मोठी गर्दी होती हे नक्की, त्यापुढे काही म्हणू नये. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर २००६च्या फेब्रुवारीत स्टोन्सना पंधरा लाख लोक होते म्हणतात, तेही फुकट. आणि त्याच किनाऱ्यावर १९९४च्या ३१ डिसेंबरला रॉड स्ट्यूअर्टला पस्तीस लाख! त्यातले किती जण गाणं ऐकायला आले होते आणि किती नव्या वर्षाची आतषबाजी बघायला, हे कोण सांगणार? तिकीट नाही तिथे मोजणी नाही. मी असे शो तुलनेतून सरळ बाजूला काढतो.

तिकीट लावून जमवलेल्या गर्दीत एक नाव आपल्याला अनोळखी आहे: वास्को रॉस्सी. या इटालियन रॉक गायकाने १ जुलै २०१७ला मोडेनाच्या एका बागेत एका शोची सव्वादोन लाख तिकिटं विकली. इटलीबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नाही. अमेरिकेत ग्रेटफुल डेडने १९७७मध्ये न्यू जर्सीत १ लाख ७ हजार तिकिटं विकली होती आणि तो तिथला विक्रम बरीच दशकं टिकला.

खरी मागणी किती होती हे विकलेल्या तिकिटांवरून कळतच नाही, कारण स्टेडियम भरलं की आकडा थांबतो. मागणी दिसते ती परत गेलेल्या लोकांत. ओएसिस या ब्रिटिश बँडने १९९६च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोक जमवले, पण तिकिटं मागणारे पंचवीस लाखांहून जास्त होते, म्हणजे ब्रिटनच्या लोकसंख्येच्या चारेक टक्के. लेड झेपेलिनने २००७च्या डिसेंबरमध्ये लंडनला एकच शो केला, जागा अठरा-वीस हजार, आणि मागण्या दोन कोटी आल्या असं सांगतात. माझ्या मते ‘मोठा बँड’ या शब्दांना सर्वांत जवळ जाणारे आकडे हेच, आणि नेमके हेच सर्वांत कच्चे आहेत. कोल्डप्लेच्या भारतातल्या तिकिटांसाठी २०२४च्या सप्टेंबरात १ कोटी ३० लाख लोक रांगेत होते असं जाहीर झालं. त्या रांगेत आमच्या घरातले सगळे फोन आणि ऑफिसचा लॅपटॉपही होता, आणि शेजाऱ्यांकडेही काही वेगळं चाललं नव्हतं. तेव्हा त्या आकड्याला किमान तीन-चारने भागा. तरीही जे उरतं ते नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या तीन रात्रींत मावणारं नव्हतंच, म्हणून तर अहमदाबादच्या दोन रात्री जोडल्या. तिथे रात्रीला १ लाख ११ हजारांच्या वर लोक आले.

तुम्ही शेवटी गन्स अँड रोझेसबद्दलही विचारलंय. त्यांचा २०१६ ते २०१९चा दौरा या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चकित करतो. १५८ शो, ५३ लाख ७० हजारांच्या आसपास तिकिटं, ५८.४ कोटी डॉलर. म्हणजे स्टोन्सच्या ‘अ बिगर बँग’पेक्षा माणसंही जास्त आणि पैसेही. आणि हे कुठलाही नवा अल्बम हातात नसताना. फक्त ॲक्सल, स्लॅश आणि डफ हे जुने सदस्य वीसेक वर्षांनी एका मंचावर उभे राहिले, एवढंच भांडवल. तुमच्या यादीत त्यांना स्टोन्सच्या खाली टाकलंय; यादी एका दौऱ्याच्या विक्रीची असेल तर ते वर घ्या.