मेमरीचा आकडा चुकतोय? आधी मोजणी कुठे होते ते बघा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत १६ जीबीचा लिनक्स सर्व्हर आहे. रिकामी रॅम ३०० एमबीच दिसते. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) बग आहे का?

नाही. पडून असलेली रॅम कर्नल फाइल कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवायला, लावतो आणि गरज पडली की सोडवून घेतो. ‘फ्री’चा रकाना सोडा, ‘अव्हेलेबल’ बघा; ३.१४ आवृत्तीपासून (२०१४) हा अंदाज कर्नल स्वतःच देतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘फ्री अधिक कॅश्ड’ अशी बेरीज असेल तर ती काढाच. टीएमपीएफएसवरच्या (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टिम) फाइलीही ‘कॅश्ड’मध्ये धरतात, पण स्वॅप (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवायची जागा) नसेल तर ती रॅम सुटत नाही.

प्रश्न : कॉलेज प्रोजेक्टसाठी छोटा कर्नल लिहिलाय. ३ जीबी रॅम दिली तर आकडा बरोबर, ६ दिली तर २ दाखवतो.

कर्नल रॅम ४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे ‘पानां’त मोजतो; ६ जीबीत १५,७२,८६४ पानं. गुणिले ४०९६ म्हणजे ६,४४,२४,५०,९४४ बाइट. ३२ बिटांत हे मावत नाही. ४,२९,४९,६७,२९६ गळून नेमके २ जीबी उरतात. उत्तर ६४ बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही, कारण दोन्ही बाजू ३२ बिटी असल्या की सी भाषा गुणाकारही ३२ बिटांतच उरकते. गुणण्याआधी एक बाजू ६४ बिटी प्रकारात बदला (कास्ट करा) आणि छापायचा फॉरमॅटही ६४ बिटी करा. त्याहून सोपं म्हणजे आकडा केबीत दाखवा: पानं गुणिले ४. मग ३२ बिटांतही ४ टीबीपर्यंत अडत नाही.

आता क्यूईएमयूत (आभासी पीसी चालवणारा प्रोग्रॅम) ४ जीबी देऊन बघा. ५ दिसले तर दुसरा बग सापडला. त्याच्या नेहमीच्या पीसी मशीनवर ३ जीबीनंतरची जागा पीसीआय उपकरणांसाठी सोडलेली असते आणि उरलेली १ जीबी रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर जाते. शेवटच्या पत्त्यावरून एकूण काढलं की मधली पोकळीही रॅम म्हणून मोजली जाते. ई८२० नकाशातल्या (बायॉस देतो ती मेमरीची यादी) फक्त प्रकार १ च्या (वापरता येणारी रॅम) नोंदींची बेरीज घ्या. परीक्षकांना दाखवण्याआधी ३, ४ आणि ६ जीबी तिन्ही चालवून बघा.

प्रश्न : उद्यमनगरात सीएनसीच्या डेटा कार्डासाठी ड्रायव्हर लिहिलाय. प्रोग्रॅम बंद करताना डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) ‘बॅड आरएसएस-काउंटर स्टेट’ येतं, प्रकार फाइलपेजेस, व्हॅल्यू ८. ही ओळ कशी घालवायची?

ओळ घालवू नका, ती खरं बोलतेय. प्रोग्रॅम संपताना त्याच्या पानांचं खातं (आरएसएस, म्हणजे त्याने रॅममध्ये धरलेली पानं) शून्यावर आलंय का, ते कर्नल तपासतो. अधिक ८ म्हणजे ८ पानं जमा झाली, वजा झालीच नाहीत. उणे आकडा असता तर उलट. व्हीएम-इन्सर्ट-पेज हे फंक्शन पान लावताना खातं वाढवतं आणि पानाचा एक रेफरन्सही (पान वापरात असल्याची खूण) धरून ठेवतं. कार्ड रीसेट करणाऱ्या कोडमध्ये पेज टेबलातली (कोणता पत्ता कोणत्या पानाचा, ही यादी) नोंद थेट पुसली जात असेल, तर दोन्ही तसंच राहतं. म्हणजे दर वेळी ३२ केबी खरोखर गळतात, शिवाय टीएलबीत (प्रोसेसरने जवळ ठेवलेल्या पत्त्यांच्या नोंदी) जुना पत्ता राहू शकतो तो वेगळाच. नोंद हाताने पुसायचं बंद करून अनमॅप-मॅपिंग-रेंज वापरा. खातं, रेफरन्स, टीएलबी तिन्ही तेच सांभाळतं. काउंटर हाताने शून्य केलात तर गळती तशीच राहील, फक्त दिसायची बंद होईल.

प्रश्न : रॅम १६ जीबी, पण सगळ्या प्रोसेसच्या आरएसएसची बेरीज २२ येते!

सामायिक पान प्रत्येकाच्या आरएसएसमध्ये पूर्ण धरलं जातं. बेरीज पीएसएसची करा. तिथे पान वापरणाऱ्यांत वाटून मोजतात. ४.१४ पासून (२०१७) प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलीत तो आकडा तयार मिळतो. इतरांच्या प्रोसेस वाचायला रूट (प्रशासकाचे हक्क) लागेल.