नोकरी करत शिकणाऱ्या मुलांच्या मोटिव्हेशनवर एमएचं डेझर्टेशन करायचंय, विषय कसा बांधू आणि डेटा कुठून आणू?

तुम्ही लिहिलंय की एमए पार्ट टूला आहात, विषय घेतलाय "विद्यार्थ्यांचा अनुभव आणि कामाच्या ठिकाणची प्रेरणा", गाइड म्हणतायत फार पसरट आहे, कापा, आणि ओळखीच्या एका कंपनीचे एचआर शंभर फॉर्म भरून द्यायला तयार आहेत तर ते घेऊ का. मी मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, इंडस्ट्रियल सायकॉलॉजीत एमए केलं, माझं डेझर्टेशन दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज करणाऱ्या मुलांवरच होतं, आता एका कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते आणि कुणी ना कुणी ज्युनिअर हाच प्रश्न घेऊन येत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फॉर्मचं. नका घेऊ. एचआरच्या मेलवरून लिंक आली की भरणारा माणूस पहिला विचार हाच करतो की हे साहेबांकडे जाणार, मग तुम्ही वर कितीही ठळक लिहा की माहिती गोपनीय राहील, तो सगळीकडे चार नाहीतर पाच टिक करून मोकळा होतो. टेबल सुंदर दिसतं, आत काही नसतं. शिवाय एकाच कंपनीची एकाच कामावरची माणसं घेतली तर काम सगळ्यांचं सारखंच, मग तुम्ही तुलना कशाची करणार? हीच मंडळी कॉलेजमार्गे गाठा. नाइट कॉलेजच्या नाहीतर सकाळच्या बॅचच्या प्राचार्यांना रीतसर पत्र द्या, एखाद्या सरांना नाहीतर मॅडमना विश्वासात घ्या, लेक्चर संपल्यावर पाच मिनिटं मागून घ्या. तिथे तो मुलगा कर्मचारी म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून समोर बसलेला असतो आणि बोलतो. एकाच वर्गात मेडिकल स्टोअरवाला, कुरिअरवाला, बँकेच्या बॅक ऑफिसमधली, सीएच्या ऑफिसात एन्ट्र्या मारणारी, वॉर्डबॉय असे सगळे मिळतात, आणि तुमच्या अभ्यासाला हीच विविधता लागते.

यातच विषय कापण्याचं पण उत्तर आहे. विद्यार्थी वेगळे आणि कर्मचारी वेगळे असे दोन गट घेतलेत तर दोन डेझर्टेशनं होतील. एकाच माणसात दोन्ही भूमिका आहेत असे लोक घ्या आणि एकच प्रश्न धरा: शिकण्यामागचं कारण आणि काम करण्यामागचं कारण यांचं एकमेकांशी काय नातं आहे, एकाने दुसऱ्याला बळ मिळतं का एक दुसऱ्याला खातं. हे विचारायला मुंबईसारखं ठिकाण नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळी वर्ग ठेवले, कारण नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं. कर्मवीरांची कमवा आणि शिका तर आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. म्हणजे शिकता शिकता कमावणं ही इथे कुणाची तात्पुरती अडचण नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच शिकलेत, आणि तरी बहुतेक पाठ्यपुस्तकांतला "विद्यार्थी" हा पूर्णवेळ शिकणारा, वसतिगृहात राहणारा, संध्याकाळ मोकळी असलेलाच असतो. ही पोकळी भरण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

आता थिअरी. दुसरा चॅप्टर मास्लोच्या गरजांच्या उतरंडीने भरू नका प्लीज, प्रत्येक दुसऱ्या डेझर्टेशनमध्ये तोच पिरॅमिड असतो आणि खरं तर मास्लोच्या १९४३ च्या पेपरमध्ये पिरॅमिड नाहीच, तो नंतर मॅनेजमेंटच्या लोकांनी काढला. तुमच्या कामाला डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांची सेल्फ डिटरमिनेशन थिअरी जास्त येईल. तिचं मूळ १९७१ च्या डेसीच्या प्रयोगात आहे, कॉलेजच्या मुलांना सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, काहींना मध्ये पैसे दिले, मग पैसे बंद केले, तर ज्यांना पैसे मिळाले होते ती मुलं मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. तिथून पुढे मुद्दा असा उभा राहिला की मोटिव्हेशन किती आहे एवढंच बघून पुरत नाही, कशासाठी आहे तेही बघायला लागतं. कुणी भीतीने किंवा पगारासाठी करतं, कुणी न केलं तर स्वतःच्याच नजरेत उतरू म्हणून, कुणाला ते मनापासून पटलेलं असतं, कुणाला करतानाच मजा येते. बाहेरून चौघंही सारखेच मेहनती दिसतील. सहा महिन्यांनी त्यातला कोण पाट्या टाकायला लागतो ते या कारणावर बरंच ठरतं.

आणि सोय अशी की याच थिअरीवर दोन्हीकडची मापं, म्हणजे स्केल, तयार आहेत, प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं याला आकडा द्यायचा. शिकण्यासाठी व्हॅलेरँड आणि सहकाऱ्यांची ॲकॅडेमिक मोटिव्हेशन स्केल, इंग्रजीत १९९२ मध्ये आली, २८ वाक्यं. कामासाठी गान्ये आणि सहकाऱ्यांची मल्टिडायमेन्शनल वर्क मोटिव्हेशन स्केल, २०१५ ची, १९ वाक्यं, सात भाषांत आणि नऊ देशांत तपासलेली. एकाच मुलीला दोन्ही द्या, म्हणजे ती कॉलेजला मनापासून येते आणि कामावर फक्त पगारासाठी जाते, की उलटं, की दोन्हीकडे तेच, हे एका पानावर दिसतं. सोबत बटलरचा २००७ चा पेपर वाचा, कॉलेजची मुलं आणि त्यांच्या नोकऱ्या यावरच आहे. कामाचे तास आणि कामाचा ताण वाढला की अभ्यासाशी ओढाताण वाढते हे तर कुणीही सांगेल, पण काम अभ्यासाशी जुळणारं असेल तर काम अभ्यासाला हात देतं हेही त्याने मांडलं, आणि ही दुसरी बाजू आपल्याकडे फार कमी लोक बघतात.

पण नुसत्या स्केलवर थांबू नका. घोडं पेंड खातं ते इथेच. "तुला कामात किती प्रेरणा वाटते?" असं विचारलं की समोरून "ठीक आहे मॅडम" येतं आणि विषय संपतो. दिवस विचारायचा. गेल्या एक-दोन महिन्यांतला असा एक दिवस सांग ज्या दिवशी कामावरून निघताना बरं वाटत होतं, आणि असा एक ज्या दिवशी उद्या जाऊच नये असं वाटलं.

माझ्याशी बोललेला एक बीकॉमचा मुलगा मशीद बंदरला घाऊक व्यापाऱ्याकडे होता (ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). स्केलवर त्याचं सगळं मधलं-मधलं, काही कळेना. दिवस विचारल्यावर तो खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला आदल्या रात्री लेक्चरला जीएसटी झाला होता, राज्यातल्या राज्यात माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, राज्याबाहेर गेला तर आयजीएसटी, आणि दुसऱ्या दिवशी फायलीला लावायला म्हणून आलेलं भिवंडीच्या पार्टीचं बिल बघितलं तर त्यावर आयजीएसटी लावलेला. शेठला दाखवलं. शेठने फोन करून बिल बदलून घेतलं, आणि तेव्हापासून आलेलं प्रत्येक बिल आधी याच्या टेबलावर यायला लागलं. पगार तेवढाच. "त्या रात्री मी पहिल्या बाकावर बसलो," एवढं बोलून तो थांबला. वाईट दिवस विचारला तर एटीकेटीचा रिझल्ट लागला तो दिवस, कुणी काही बोललं नाही, एवढंच विचारलं की उद्या वेळेवर येणार ना. या दोन दिवसांत तुम्हाला बटलरपण सापडतो, डेसी-रायनपण सापडतात, आणि ते त्याच्या शब्दांत सापडतात.

ही पद्धत जुनी आहे. हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गकडच्या २०३ इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना असेच चांगले-वाईट प्रसंग विचारले, १९५९ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. त्यावरची टीकाही लक्षात ठेवा, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास विचारतात: माणूस चांगल्या प्रसंगाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर साहेबावर नाहीतर कंपनीच्या नियमांवर फोडतो, मग निष्कर्ष तसेच येणार. म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर एक जोडप्रश्न ठेवा, त्यात आणखी कुणाचा हात होता, आणि तुझा किती होता.

आणखी एक प्रश्न घालाच: तुझ्या कामाचा फायदा शेवटी कुणाला होतो, त्या माणसाला तू कधी बघितलंयस का? ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमधले लोक फोन करून स्कॉलरशिपसाठी देणग्या मागायचे. काहींना त्याच पैशावर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला फक्त थोडा वेळ भेटवलं, काहींना विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं, काहींना काहीच नाही. महिन्याने बघितलं तर भेटलेले लोक फोनवर १४२ टक्के जास्त वेळ घालवत होते आणि १७१ टक्के जास्त पैसे आणत होते, बाकीच्या दोन गटांत असा फरक पडला नाही. आपल्याकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये घरोघर सॅम्पल गोळा करणारा मुलगा रोज पेशंटला बघतो आणि त्याच रिपोर्टची एन्ट्री करणारी मुलगी कधीच बघत नाही, दोघंही तुमच्या एकाच वर्गात बसलेले असू शकतात.

सॅम्पलचं थोडक्यात. दोन स्केलमधलं ०.३ च्या आसपासचं कोरिलेशन (एकावरचे गुण दुसऱ्यावरच्या गुणांसोबत किती हलतात ते) पकडायचं असेल तर नेहमीच्या हिशोबाने (८० टक्के पॉवर, म्हणजे नातं खरंच असेल तर ते सापडण्याची शक्यता, आणि ५ टक्के लेव्हल, म्हणजे नातं नसताना आहे असं वाटण्याची) साधारण ८५ लोक लागतात, गळती धरून शंभर-सव्वाशे गाठा, हा हिशोब करणारं जी-पॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्वतः काढून गाइडना दाखवा. मुलाखती दहा-बारा चांगल्या झाल्या तरी एमएला भरपूर. आणि एकदाच घेतलेल्या डेटावरून "यामुळे ते झालं" असं लिहू नका, "यासोबत ते दिसतं" इतकंच लिहा.

पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वर्गात कोण नाही. टीवाय बीकॉमच्या नाइट बॅचला जे बसलेत ते टिकलेले आहेत. ज्याची शिफ्ट बदलली आणि एसवायला सुटलं, जिचं लग्न ठरल्यावर एक तर नोकरी ठेव नाहीतर कॉलेज असं घरी झालं, ते तुमच्या फॉर्ममध्ये येणारच नाहीत, आणि मग तुमचा निष्कर्ष निघेल की नोकरी करत शिकणारी मुलं खूप मोटिव्हेटेड असतात. असणारच, बाकीची गळली ना. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, तुमच्याबरोबर ॲडमिशन घेतलेलं आणि आता येत नसलेलं कुणी आहे का, त्याला चालणार असेल तर तुमच्याकडून माझा नंबर द्याल का. असे तीन-चार जण मिळाले तरी तुमच्या कामाचं वजन वेगळंच होईल. टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये कॉलेजमधल्या गळतीवर जे मांडलं, की मूल कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती रुजतं त्यावर ते टिकतं, ते या मुलांना कितपत लागू पडतं हेही तपासता येईल, कारण लेक्चर संपल्या संपल्या कल्याण नाहीतर विरार गाठायची घाई असलेल्याला कट्ट्यावर बसायला वेळच कुठे असतो.

त्याच कारणाने रात्री साडेनऊला पाऊण तासाची मुलाखत मागू नका, कुणी नाही म्हणणार नाही पण सगळं लक्ष घड्याळाकडे असेल. वीस-वीस मिनिटं दोनदा घ्या, रविवारी घ्या, किंवा आठवडाभर रोज एक व्हॉट्सॲप व्हॉइस नोट मागा, आज कामावर काय झालं आणि आज लेक्चरला काय झालं, दोनच प्रश्न. ट्रेनच्या आवाजात, धापा टाकत बोललेल्या त्या नोट्स फॉर्मपेक्षा फार खऱ्या असतात. अर्थात आधी लेखी संमती, मधेच थांबायची मुभा, आणि लिहून काढल्यावर रेकॉर्डिंग डिलीट करणार हे शब्द देऊन पाळणं. मालकाचं नाव कुठेही येऊ देऊ नका, कुणी आपणहून सांगितलं तरी.

वेळेचं शेवटचं. दुकानात काम करणारी मुलं गणपती ते दिवाळी हातात सापडत नाहीत, ओव्हरटाइम असतो, आणि त्याला लागूनच सेमच्या परीक्षा येतात. तेव्हा जून-जुलैत परवानगी आणि दहा-पंधरा जणांवर ट्रायल, त्या दिवाळीपर्यंतच्या काळात वाचन आणि प्रश्न पक्के करणं (शोधगंगा या भारतीय थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात या विषयाजवळचे पीएचडीचे थिसिस चाळा, प्रश्नावली कशी बांधतात ते कळतं), खरा डेटा डिसेंबर-जानेवारीत, आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा फक्त राहिलेल्या मुलाखतींसाठी ठेवा. सीएच्या ऑफिसातली मुलं मात्र जानेवारीतच आटपून घ्या, मार्च जवळ आला की ती तुमचा फोनही उचलणार नाहीत.