विचारलं तर त्यांच्या मनात भरेल का?

प्रश्न : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. यंदा कापूस हातचा गेला, वर सोसायटीचं कर्ज. हे रात्र रात्र जागे असतात. परवा मला बसवून पासबुक, विम्याचे कागद, कोणाकडून किती यायचे ते सगळं समजावलं. म्हणाले, 'माझ्यामागं तुझं अडायला नको.' माझ्या पोटात धस्स झालं. स्पष्ट विचारलं तर नसलेला विचार मनात भरेल का? सासूबाई म्हणतात, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते.

उत्तर : पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. अशी घरं आणखी असतील म्हणून, तू हो म्हणालीस तेव्हाच, इथे लिहिते आहे.

तुझ्या पोटात धस्स झालं ते उगाच नाही. अशी निरवानिरव हा इशाराच समजायचा. तेव्हा विचार, आणि आडून नको, सरळ विचार : 'जीव द्यावासा वाटतोय का तुम्हाला?' विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. असलाच, तर बोलायला वाट मिळते.

जड जातं, मला ठाऊक आहे. धाकट्या भावाला विचारलं तेव्हा ओसरीवर आम्ही दोघंच होतो. शब्द जुळवता जुळवता माझ्या चहावर साय धरली. तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला आणि खाली बघूनच म्हणाला, 'हो.' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, 'पोरांकडे बघ, असलं बोलू नकोस.' ते गिळलं. जो आधीच स्वतःला घरावरचं ओझं समजतो, त्याला त्यात आणखी एक दोष ऐकू येतो. मी एवढंच म्हटलं, 'कधीपासून?' मग तो तासभर बोलला. सकाळी आम्ही जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांचं उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आजच घरातून आणि शेतातून हलव. दिराकडे कुलपात ठेव, किल्लीही त्यांच्याकडेच. ही ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळाची असते. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. हे मी दहादा सांगेन. 'हो' म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नकोस. आणि त्यांनी शपथ घातली तरी हे गुपित एकटीने सांभाळू नकोस, दिराला सांग. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वेळ तशीच आली तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलाव.

सासूबाईंना सांग, मनातलं डॉक्टरला सांगणं हा गुन्हा नाही. प्रत्यक्ष प्रयत्न केलेला माणूसही प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो.

कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करायला सोसायटीत दोघं मिळून जा, पण या आठवड्यात नको. आधी डॉक्टर, आधी त्यांची झोप.

फोनवर तू म्हणालीस, चार दिवस घास उतरत नाही. १४४१६वर तुलाही बोलता येतं.