मैफल न केलेल्या संगीतशिक्षिकेच्या स्मरणसभेत काय बोलावे?

आपल्या गावात आयुष्यभर गाणे आणि पेटी शिकवणाऱ्या, दर रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसणाऱ्या बाई नव्वदीत ख्रिस्तवासी झाल्या, स्मरणसभेत दहा मिनिटे बोलायचे आहे, पण त्या ‘फार मोठ्या कलाकार नव्हत्या’ म्हणून काय सांगावे ते सुचत नाही, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. त्या चार शब्दांसाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो आहे.

मी मिरजेचा. आमच्याकडे मोठ्या कलाकारांचा तोटा नसलेली परंपरा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे शिकवीत, विष्णु दिगंबर पलुस्करांची सारी तालीम त्यांच्याजवळ येथेच झाली, अब्दुल करीम खाँसाहेब येथेच स्थायिक झाले आणि १९३७ साली मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. शिवाय गल्लीत तंबोरे घडतात. अशा गावात दहा बाय बाराच्या खोलीत मुलामुलींना प्रारंभिक आणि प्रवेशिका या संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षांसाठी तयार करणाऱ्या बाईला कलाकार कोण म्हणणार? दुसरे एक मिरज आहे, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाभोवती वाढलेल्या ख्रिस्ती मंडळीचे. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या आमच्या बाई दोन्हींकडच्या होत्या, आणि म्हणूनच त्या गेल्यावर दोन्हीकडच्यांनी त्यांचा अर्धा अर्धा भागच आठवला. चर्चमधल्या वक्त्यांनी त्यांची श्रद्धा आणि नियमितपणा सांगितला. संगीतवाल्यांच्या सभेत माझे एक गुरुबंधू, जे आज मैफली करतात, उठून म्हणाले की बाईंचा गळा मैफलीचा होता, पण त्या चर्चच्या पेटीत अडकून पडल्या. सभा असल्यामुळे मी तेथे गप्प बसलो. येथे बसणार नाही.

रविवारी त्या काय करीत, हे त्या गृहस्थांनी कधी पाहिलेच नव्हते. मी ख्रिस्ती नाही, पण पेटीचा भाता दुरुस्त करायला मदत हवी म्हणून बाई मला बोलावीत आणि मग उपासना संपेपर्यंत मी मागच्या बाकावर बसून राही. दोनशे माणसे, त्यांतली बहुतेक गाणे न शिकलेली. बायकांना काळी चार सोयीची, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून, पुरुषांना काळी एक, आणि गायचे सर्वांनी एकत्र. बाई प्रत्येक गीताची चाल वर कोठपर्यंत जाते ते पाहून पट्टी ठरवीत, आणि ती कोणाच्याही सोयीची नसली तरी कोणाचा गळाही फुटत नसे. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना तीन तास चालते. येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी पाचव्यापर्यंत येता येता लोक उपाशीपोटी थकलेले असतात, हे ओळखून तेथून पुढची गीते त्या अर्ध्या सुराने उतरवीत. मंडळीतल्या कोणालाही हे कळत नसे. आपण आज बरे गायलो, एवढेच त्यांना वाटत असे.

शिवाय दोन प्रकारची गीते. इंग्रजी चालींवर बेतलेली गीते असली की पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असल्याने डाव्या हाताने त्या खालचे सूर भरीत. कृष्णराव सांगळे किंवा रेव्हरंड ना. वा. टिळक या मराठी ख्रिस्ती गीतकारांचे भजन आले की डावा हात मांडीवर जाई आणि उजव्या हाताने एकच ओळ, अंगुळभर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) वाटावी अशा बेताने, वाजू लागे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंगाच्या वळणाची गीते लिहिली नसती, तर मराठी ख्रिस्ती माणूस आजही परक्या चालींत अवघडून गात राहिला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती गीते छापून झाल्यावर रविवारी प्रत्यक्ष गाववून घेतली ती अशाच बायांनी.

गुरुबंधूंचा दुसरा मुद्दा असा की पेटीवर शिकलेला गळा बिघडतो. हा वाद जुना आहे. १९४० पासून तीसेक वर्षे आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला होता, तो याच कारणाने, की तिचे बारा सूर ठोकून बसवलेले असतात आणि आंदोलित, म्हणजे हलकेच झुलणारा, गंधार तिच्यातून निघत नाही. बाईंना हे ठाऊक नव्हते काय? दरबारी राग शिकवताना गंधार आला की त्या पट्टीवरचे बोट उचलीत, षड्ज तेवढा धरून ठेवीत आणि गंधार स्वतः गाऊन दाखवीत. पावसाळ्यात पेटी बेसूर झाली की पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या जिभल्या, बाहेर काढून जुन्या ब्लेडने घासायला बसत. टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, हे मला तेथेच कळले. एकदा एक सूर जास्त घासला गेला, तेव्हा ‘आता दुसऱ्या बाजूने मागे आण’ म्हणून तो त्यांनी माझ्याच हातात दिला. ज्यांना पेटी ‘गळा बिघडवणारी’ वाटते, त्यांनी आयुष्यात एक तरी सूर असा जुळवून पाहावा.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की ‘मैफल केली नाही’ हे वाक्य भाषणात येऊ देऊ नका, तक्रार म्हणून नको आणि कौतुक म्हणूनही नको. त्या नम्र होत्या, प्रेमळ होत्या ही वाक्ये कोणाबद्दलही चालतात, म्हणून तीही गाळा. त्या कोणत्या पट्टीत शिकवीत, चुकल्यावर काय म्हणत, नाताळच्या गीतांचा सराव कधीपासून धरीत, हे सांगा. दहा मिनिटे कमी पडतील. वर्गातले आणि चर्चमधले असे दोन परिच्छेद वेगळे पाडू नका.

अर्थात बाईंच्या घरच्यांची इच्छा वेगळी असेल, प्रार्थना आणि वचनच हवे असेल, तर त्यांचे ऐकावे. सभा त्यांची आहे. चर्चमध्ये बोलणार असाल तर पाळकसाहेबांना वेळ आधी विचारून घ्या. आणि आमच्या बाईंसारख्याच तुमच्याही बाई होत्या असे मी धरून चाललो आहे. तसे नसेल तर वरचे निम्मे सोडून द्या. शेवटी त्यांचे आवडते गीत सर्वांनी म्हणायचे ठरले असेल, तर ते कोण उचलणार आणि कोणत्या पट्टीत, हे आदल्या दिवशी पेटीवर बसून ठरवा, कारण ते ठरवणाऱ्या बाई आता नाहीत आणि ऐनवेळी कोणी तरी हमखास काळी पाच धरतो.