कॉपर रेड ग्लेझ (भांड्यावरचा, तांब्यामुळे लाल होणारा काचेचा थर) एका भट्टीत लालभडक आणि पुढच्या भट्टीत पांढरट का येतं? हे ग्लेझ लहरीच असतं का?

नसतं. लहरी आपण असतो, आणि ते वहीत लिहून ठेवत नाही.

तुम्ही लिहिलंय की गॅसची भट्टी, कोन १० (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका, आकडा त्याचा क्रमांक), तीच बादली, तीच स्टोनवेअर माती, तरी चार वाडगे लाल निघाले आणि सहा पांढरट-हिरवट. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की कॉपर रेड म्हणजे नशिबाचा खेळ. आता रेसिपी बदलू का, हा तुमचा प्रश्न. रेसिपी खाली देते, पण 'नशीब' हा शब्द वाचून राहवलं नाही.

या समजुतीला परंपरा आहे, हे कबूल. चीनमध्ये मिंग काळात श्वांदे सम्राटाच्या वेळी (१४२६ ते १४३५) जिंगडेझेन या भांड्यांच्या गावी ही लाल भांडी उत्तम निघत होती. नंतर ती जवळजवळ बंदच पडली आणि पुन्हा नीट जमायला कांग्शी सम्राटाचा काळ (१६६२ ते १७२२) उजाडावा लागला. तिथे म्हणच आहे की देशोधडीला लागायचं असेल तर लांग लाल (कांग्शीच्या काळातलं कॉपर रेड) भाजावं. पण त्या लोकांकडे ना कोन होते, ना पायरोमीटर (भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र), ना ०.१ ग्रॅमचा काटा. तुमच्याकडे तिन्ही असू शकतं. त्यांनी नशिबाला बोल लावला तर चालेल, आपण लावला तर तो आळस.

लाल रंग येतो कसा, एवढंच लक्षात ठेवा. ग्लेझमधलं तांबं रिडक्शनमध्ये (म्हणजे भट्टीत मुद्दाम हवा कमी ठेवून भाजताना) ऑक्सिजन सोडतं, काचेत विरघळून राहतं आणि भट्टी उतरताना धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात काचेतच जमतं. ते कण म्हणजे लाल. कण फार मोठे झाले की यकृतासारखा मळकट तपकिरी रंग. तांबं ऑक्साइडच राहिलं तर फिकट हिरवा किंवा पारदर्शक. आणि तांबं उडून गेलं तर पांढरा, शिवाय शेजारच्या टिनच्या पांढऱ्या ग्लेझवर गुलाबी डाग. ग्लेझची पावडर सच्छिद्र असते तोवरच भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. एकदा वरून वितळून थर बंद झाला की बाहेर कितीही रिडक्शन करा, आतल्या तांब्याला फारसा पत्ता लागत नाही. आपल्या कॉपर रेडमध्ये बोरॅक्स फ्रिट (आधीच वितळवून दळलेली, लवकर वितळणारी काच) असतं, त्यामुळे हा दरवाजा सेलाडॉन किंवा टेमोकूपेक्षा (लोखंडामुळे हिरवं आणि काळं येणाऱ्या ग्लेझांपेक्षा) बराच आधी बंद होतो. साधारण हजार अंशांच्या आसपास.

आता ज्या भट्टीवरून माझा एका सीनियरांशी वाद झाला, ती सांगते. तुमचे सहा वाडगे तिच्यातलेच वाटतात.

फायबरची अपड्राफ्ट (ज्योत खालून वर जाणारी) भट्टी, १२ घनफुटांची, तीन शेल्फ. पायरोमीटरचं टोक खालच्या शेल्फच्या उंचीवर. ठरल्याप्रमाणे पायरोमीटरवर ९०० दिसल्यावर डॅम्पर (धूर बाहेर जायच्या वाटेवरची झडप) ओढला आणि रिडक्शन सुरू केलं. भट्टी उघडली तेव्हा खालचा शेल्फ डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, मधला लाल पण कडेला फिका, वरचा जवळजवळ पांढरा. फक्त वाडग्यांच्या आत तळाशी, जिथे ग्लेझ जाड साचलं होतं, तिथे रुपयाएवढा लाल ठिपका.

सीनियरांचं निदान तिथल्या तिथे झालं. वर तांबं उडतंय, तांबं वाढवा. माझं म्हणणं होतं की त्याच वरच्या शेल्फवर, हातभर अंतरावर, सेलाडॉनचा एक कप आहे आणि तो स्वच्छ निळसर हिरवा आलाय. वर रिडक्शन झालंच नसतं तर तो पिवळट, गवताच्या रंगाचा आला असता. म्हणजे रिडक्शन पोहोचलं होतं, फक्त उशिरा पोहोचलं. सेलाडॉन तोवर उघडं होतं, कॉपर रेड मिटलं होतं. यात तांब्याचा काय दोष?

पण मान त्यांचा. पुढच्या भट्टीला किलोमागे ४ ग्रॅमऐवजी १० ग्रॅम कॉपर कार्बोनेट घातलं. खालचा शेल्फ, जो आदल्या खेपेला सुंदर होता, तो यकृताच्या रंगाचा मळकट झाला. वरचा हिरवट. आणि मधल्या शेल्फवर दुसऱ्या कुणाच्या पांढऱ्या बरणीला गुलाबी डाग पडले, त्याची बोलणी मला खावी लागली.

तिसऱ्या भट्टीला फर्मान निघालं, "धूर कमी पडतोय." डॅम्पर इतका ओढला की खालच्या झरोक्यातून हातभर पिवळी ज्योत आणि वरून काळा धूर. पायरोमीटर ११०० वर पाच तास अडकला. दोन सिलिंडर जास्तीचे गेले. भांडी निघाली ती करड्या काजळीच्या छटेची. एक फुटलेलं पाहिलं तर मातीचा गाभा काळा, आणि दोन थाळ्यांना फुगे. आणि वरचा शेल्फ? पांढराच. उशिरा केलेलं रिडक्शन दुप्पट केलं तरी उशिराचंच राहतं.

चौथ्या भट्टीत वर आणि खाली, दोन्हीकडे, ०१० आणि ०६ असे छोटे कोन (साधारण नऊशे आणि हजार अंशांना वाकणारे) लावले. तांबं परत ४ ग्रॅम. खालचा पायरोमीटर ९०० म्हणाला तेव्हा वरच्या झरोक्यातून पाहिलं. ०१० पूर्ण आडवा झाला होता आणि ०६ वाकायला लागला होता. म्हणजे वर हजार होऊन गेले होते! त्या भट्टीतही वरचा शेल्फ गेलाच, पण कारण हातात आलं. पाचव्या भट्टीला वरचा ०१० वाकायला लागला तेव्हाच डॅम्पर ओढला. खाली तेव्हा जेमतेम ८०० होते. तिन्ही शेल्फ लाल.

त्यामुळे तुम्हाला पहिला सल्ला रेसिपीचा नाहीच. भट्टीतल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात ०१० कोन ठेवा आणि तो हलला की रिडक्शन सुरू करा, पायरोमीटर काहीही म्हणो. पायरोमीटर स्वतःच्या टोकापुरतं खरं बोलतो.

रिडक्शन किती करायचं, हे धुरावरून ठरवू नका. धूर म्हणजे न जळलेला कार्बन, पैसे चिमणीतून. खालच्या झरोक्यातून दोन-तीन इंच मऊ, आळसावलेली ज्योत बाहेर यावी, वरच्यातून चार-सहा इंच. तापमान तासाला ७० ते ८० अंशांनी चढत राहिलं पाहिजे. चढणं थांबलं तर रिडक्शन जास्त झालंय, डॅम्पर पाव इंच उघडा. तासाला १२० नी पळायला लागलं तर बहुतेक रिडक्शन नाहीच. बाराशेपर्यंत हे धरून ठेवा, मग हलकं करत कोन १० पर्यंत न्या.

सिलिंडरकडे लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही. १९ किलोचा एकच सिलिंडर मोठ्या बर्नरला जोडला की तासा-दोन तासांत त्याला खालून घाम येतो, मग पांढरं दव गोठतं. आतला गॅस तेवढ्या वेगानं वाफ होऊ शकत नाही, दाब पडतो. डॅम्पर आणि हवा मात्र तिथेच. म्हणजे तुम्ही चहा प्यायला गेलात आणि भट्टी न सांगता ऑक्सिडेशनमध्ये (जास्तीच्या हवेत) गेली. दोन किंवा तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर (त्यांना एकत्र जोडणाऱ्या नळीवर) जोडा आणि रेग्युलेटरनंतरचा दाब दर वीस मिनिटांनी वहीत लिहा. सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात ठेवायलाही हरकत नाही. उकळतं पाणी ओतणं किंवा ज्योत दाखवणं, हे मूर्खपण कुणी 'आम्ही नेहमी करतो' म्हणालं तरी करायचं नाही.

आता रेसिपी, मागितलीत म्हणून. एक किलोसाठी पोटॅश फेल्डस्पार ५०० ग्रॅम, क्वार्ट्झ २००, कॅल्शियम-बोरॉनचं फ्रिट (फेरो ३१३४ च्या जातीचं) १४०, व्हायटिंग (खडूची पूड) १३०, चायना क्ले ३०. वरून टिन ऑक्साइड १० ग्रॅम, कॉपर कार्बोनेट ४ ग्रॅम, बेंटोनाइट १५ ग्रॅम. बेंटोनाइट टाळू नका, कारण यात क्ले इतकी कमी आहे की रात्रभरात बादलीच्या तळाशी सिमेंट होतं. ८० मेशच्या चाळणीतून एकदा, १०० च्या चाळणीतून दुसऱ्यांदा गाळा. कॉपर कार्बोनेट स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर मोजू नका. ४ चे ५ झाले की पंचवीस टक्क्यांची चूक, आणि मग म्हणायचं ग्लेझ लहरी आहे. फ्रिटचं पोतं बदललं की दुकानदाराकडून त्याचं विश्लेषण मागा. सगळी 'बोरॅक्स फ्रिट' सारखी नसतात, आणि बोरॉन इकडचं तिकडे झालं की मिटण्याची वेळही सरकते. रेसिपीतलं टिन महाग म्हणून वगळणारे भेटतात. टिन तांब्याला ऑक्सिजन सोडायला आणि बारीक कणांत जमायला मदत करतं. ते काढलंत तर लाल येणारच नाही असं नाही, पण ज्या भट्टीत जेमतेम येणार होता तिथे नक्की येणार नाही.

थर जाड लागतो. कच्च्या थरात सुई टोचून पाहा, १ मिलिमीटरच्या वर हवा. १०० मिलिलिटर मिश्रणाचं वजन १४५ ते १५० ग्रॅम ठेवा. फुटलेल्या चांगल्या वाडग्याची कड दहापट भिंगाखाली धरली तर दिसतं की वर पारदर्शक काच, मध्ये लाल पट्टा, खाली मातीलगत पुन्हा फिकं. लाल मधेच राहतो. थर पातळ असेल तर हा मधला भाग उरतच नाही. ओठाशी पांढरी रेघ त्यामुळेच येते. ती आवडत असेल तर ठेवा, नसेल तर ओठ दुसऱ्यांदा बुडवा.

जाड थर म्हणजे ओघळणार. अॅल्युमिना कमी असलेली काच आहे ही. पायाच्या वर ६ ते ८ मिलिमीटर जागा पुसून कोरी ठेवा आणि भांड्याखाली त्याच मातीची बिस्कची (ग्लेझ न लावता एकदा भाजलेली) चकती द्या. चकतीला अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले अर्धं-अर्धं मिसळून लेप. शेल्फ छिन्नीनं तासण्यापेक्षा चकती फोडणं स्वस्त.

कोन १० वाकला की बर्नर बंद. शेवटी अर्धा तास 'ऑक्सिडेशन देऊन साफ करणं' मला पटत नाही. बर्नर बंद करून डॅम्पर उघडा ठेवा, १०५० पर्यंत झपाट्यानं उतरू द्या, मग सगळं बंद करा. वितळलेल्या काचेत या हवेनं वरचा पापुद्रा तेवढा बदलतो. जाड विटांची मोठी भट्टी वरच्या तापमानात रेंगाळते, तिथे मळकट रंग जास्त दिसतो, आणि लोक पुन्हा तांब्याला दोष देतात.

सीनियरांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही, हेही लिहून टाकते. कोन ११ पर्यंत ओढलं किंवा वरच्या तापमानाला तासभर धरून ठेवलं तर तांबं खरंच उडतं, आणि तेव्हा ४ चे ५ ग्रॅम करणं योग्य. पण १० नाही. आणि सेलाडॉनच्या कपाकडे न बघता तर नाहीच.

तुमची भट्टी गॅसची आहे म्हणून एवढं लिहिलं. इलेक्ट्रिकवाल्यांनी कापूर-लाकूड टाकून रिडक्शन करू नये, भट्टी तापवणाऱ्या कांथलच्या तारांवरचा ऑक्साइडचा थर जातो आणि तारा लवकर मरतात. त्यांनी ग्लेझमध्येच ०.३ ते ०.५ टक्के अतिबारीक सिलिकॉन कार्बाइड घालून पाहावं. लाल येतो, पण बुडबुडेही येतात. गॅसवाल्यांनी शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवाव्यात, रिडक्शनमध्ये बाहेर येतो तो कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. नेटवर मिळणाऱ्या काही रेसिपींत बेरियम कार्बोनेट असतं, जेवणाच्या भांड्यांना ते नको. आणि हे ग्लेझ बहुतेक मातींवर तडकतं, बारीक जाळी पडते, तेव्हा त्यात लोणचं किंवा सोलकढी साठवू नका. फुलं, कोरडा मेवा, ठीक.

पुढच्या भट्टीचे फोटो टाकाल तेव्हा भांडी उलटी करून पायांचे टाका, वाडगा कुठल्या शेल्फवर होता ते लिहा, आणि शेजारी सेलाडॉनची एक टाइल ठेवा. नुसता लाल रंग बघून मला काही सांगता येत नाही.