वाचकांचे प्रश्न : कंबोईचे कुरव

प्रश्न : ऑक्टोबरात वडोदऱ्याहून कावी-कंबोईला गेलो. कुरव (सीगल पक्षी) म्हणजे दूरवर नुसते ठिपके! चुकलं कुठे?

उत्तर : वेळ चुकली. खंभातच्या आखातात ओहोटीला पाणी फार लांब जातं, पक्षीही त्यामागे चिखलात पांगतात. भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. चढतं पाणीच त्यांना काठाकडे आणतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून निघण्याआधी कोष्टक पाहाच. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला, तेव्हा सकाळची भरती उत्तम, ऊन पाठीशी राहतं. दुपारी हवा थरथरते, मग दुर्बिणीची ताकद वाढवून उपयोग नाही.

हिवाळी पिसाऱ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, या दोन्ही कुरवांच्या डोळ्यामागे काळा ठिपका असतो. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि फिकट डोळा, तो तपकिरी डोक्याचा. चिखलात मात्र कधीही उतरू नका.